तळव्याची चामखीळ: १० मिलीची बाटली, कॉर्न कॅप आणि स्वयंपाकघरातले उपद्व्याप

दादर असो की दहिसर, मेडिकलच्या काउंटरवर ‘तळपायाला कुरूप झालंय’ एवढं सांगितलं की समोर कॉर्न कॅपचं पाकीट येतं. देणाऱ्याचा दोष नाही, आपणच निदान सांगून मोकळे झालेलो असतो. पण तळव्यावर टोचणारी प्रत्येक गाठ कुरूप नसते. बऱ्याचदा ती चामखीळ असते, आणि तिच्यासाठी कॅपपेक्षा त्याच कपाटातली एक छोटी बाटली जास्त कामाची: सॅलिसिलिक आम्ल १६.७ टक्के, लॅक्टिक आम्ल १६.७ टक्के, कलोडियन नावाच्या चिकट द्रावात विरघळवलेली. ड्युओफिल्म आणि सॅलॅक्टिन ही त्यातली ओळखीची नावं. लेबलावर घटक आणि टक्के तेच असतील तर नावासाठी अडून बसायचं कारण नाही. हा आढावा मुख्यतः त्या बाटलीचा. बाकीच्या उपायांची दखल त्यांच्या लायकीइतकी.

आधी चामखीळच आहे ना, ते बघा. पाय १० मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, वरचा पिवळट कडक पापुद्रा थोडा घासून काढा आणि खिडकीच्या उजेडात मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन पाहा. बोटांच्या ठशासारख्या बारीक रेषा तळव्यावरही असतात. घट्टा असेल तर त्या रेषा त्याच्यावरून सरळ जातात. चामखीळ असेल तर रेषा तिच्या काठाशी तुटतात आणि वळसा घालून पुढे निघतात. घासल्यावर आत खसखशीएवढे काळे-तपकिरी ठिपके दिसले तर शंका फारशी उरत नाही. लोक त्यांना ‘मुळं’ म्हणतात आणि सुईने उकरायला बसतात. ती मुळं नव्हेत, रक्त गोठलेल्या केशवाहिन्या आहेत. चामखिळीला मूळच नसतं, ती त्वचेच्या वरच्या थरातच असते. तिसरी खूण दुखण्याची: दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबलं की कळ येते ती चामखीळ, अंगठ्याने सरळ खाली दाबलं की जीव जातो ते कुरूप. कुरुपाच्या मधोमध मेणासारखा अर्धपारदर्शक खुंट असतो, काळे ठिपके नसतात.

हे सगळं करतो एचपीव्ही नावाचा विषाणू, तळव्यावर बहुधा त्याचे १, २, ४, २७ आणि ५७ हे प्रकार. तो रक्तातून येत नाही, बाहेरून, भिजून मऊ पडलेल्या आणि किंचित खरचटलेल्या कातडीतून शिरतो. तरणतलावाचा काठ, जिमची बाथरूम, चाळीतली सामायिक मोरी, पीजीतला शॉवर या त्याच्या आवडीच्या जागा. जुलैमध्ये ओल्या मोज्यांसह आठ-दहा तास बुटात अडकलेला पाय म्हणजे तर उघडं दारच. लागण झाल्यापासून गाठ दिसेपर्यंत काही महिने जातात, त्यामुळे ‘नेमकी कुठे लागली’ याचा शोध घेण्यात अर्थ नसतो.

आता बाटली. आतला द्रव किंचित पिवळसर, घट्टसर, ईथरच्या उग्र वासाचा. कलोडियन म्हणजे ईथर-अल्कोहोलात विरघळवलेलं नायट्रोसेल्युलोज. लावल्यावर ईथर उडून जातं आणि मागे पांढरट, चिवट पापुद्रा राहतो. औषधाची खरी करामत त्या पापुद्र्यात आहे. तो आम्ल जागेवर धरून ठेवतो आणि खालची कातडी ओलसर ठेवतो, म्हणून आम्ल आत मुरतं. सॅलिसिलिक आम्ल कातडीच्या पेशींना एकमेकींशी चिकटवणारा दुवा सैल करतं. ते विषाणूला मारत नाही. विषाणू ज्या पेशींत बसलाय त्या पेशी थराथराने सोलून निघतात, आणि त्या डिवचण्याने शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते असा अंदाज आहे. म्हणून हे काम एका रात्रीत होत नाही आणि जास्त ओतल्याने लवकरही होत नाही.

बाटलीचा सगळ्यात मोठा दोष तिच्या बुचात आहे. बुचाला जोडलेला ब्रश किंवा काडी चामखिळीपेक्षा रुंद असते. मसुराएवढ्या चामखिळीवर ब्रश टेकवला की चवलीच्या नाण्याएवढी जागा रंगते, आणि भाजते ती आजूबाजूची चांगली कातडी. उपाय सोपा: ब्रश बाजूला ठेवून दात कोरायच्या काडीच्या टोकावर थेंब घ्या. दुसरा दोष, मानेवर औषध सुकून बूच चिकटतं किंवा नीट बसत नाही, मग ईथर उडून जातं आणि महिना-दीड महिन्यात आत गुळाच्या पाकासारखा गोळा उरतो. दर वेळी बाटलीची मान टिश्यूने पुसून मगच बूच घट्ट लावायचं. तार सुटायला लागलेलं औषध पातळ करायच्या भानगडीत पडू नका, नवी बाटली घ्या. रोज एक-दोन थेंब या हिशेबाने १० मिली एका चामखिळीला पुरून उरते.

लावायची रीत अशी. वेळ रात्रीची, कारण त्यानंतर बूट घालायचा नसतो आणि घामाने पापुद्रा सुटत नाही. पाय ५ ते १० मिनिटं कोमट पाण्यात. कोमट म्हणजे कोमट, आंघोळीच्या कढत पाण्याची बादली नव्हे. नंतर टॉवेलने पूर्ण कोरडा करा, बोटांच्या बेचक्यांसकट. हा टॉवेल वेगळा. मग कालचा पापुद्रा सोलून काढा आणि खालची पांढरी, भिजलेली कातडी घासा. कशाने? मोरीतल्या वजरीने अजिबात नाही. घरातल्या चौघांच्या टाचा त्याच वजरीवर घासल्या जातात, आणि भेगांत विषाणू पोचवायला याहून सोयीची वस्तू नाही. हार्डवेअरच्या दुकानातून १२० नंबरचा पॉलिश पेपर आणा, दोन बोटं रुंद पट्ट्या कापा, एक पट्टी एकदा वापरायची आणि फेकायची. घासताना फक्त पांढरी मेलेली कातडी काढायची. गुलाबी दिसायला लागली किंवा रक्ताचे टिपके आले की थांबा आणि दोन दिवस औषधाला सुट्टी द्या.

घासून झालं की चामखिळीभोवती, अगदी काठापर्यंत, कापसाच्या काडीने व्हॅसलीनचं कडं काढा. व्हॅसलीन चामखिळीवर जाऊ देऊ नका, औषध चिकटणार नाही. मधल्या मोकळ्या जागेत एक थेंब सोडा, २ मिनिटं सुकू द्या, त्यावर दुसरा. पाचेक मिनिटांत पांढरा थर जमतो. पंख्याखाली बसलात तर लवकर सुकतं, पण खोलीत उदबत्ती, निरांजन किंवा गॅस चालू नको. ईथर झटकन पेट घेतं. थर सुकल्यावर वरून साध्या चिकटपट्टीचा तुकडा लावला तर औषध अधिक मुरतं, फक्त जळजळही वाढते. पहिल्या आठवड्यात पट्टीशिवायच करून बघा. चुकून थेंब बाजूला ओघळला तर ओला असतानाच टिपून घ्या.

हे रोज, १२ आठवडे. इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. दहा-पंधरा दिवसांत वरचा जाड थर गेला की चालताना टोचायचं थांबतं, आणि माणूस बाटली फडताळात ठेवून देतो. खालचा थर तसाच असतो. दोन महिन्यांत गाठ पुन्हा वर येते, कधीकधी शेजारी एक पिल्लू घेऊन. दुखणं थांबणं ही बरं झाल्याची खूण नाही. काळे ठिपके पूर्ण गेले आणि तळव्याच्या रेषा जागेवरून अखंड जायला लागल्या, ही खूण. त्यानंतरही आठवडाभर लावत राहा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे न घासता थरावर थर चढवत जाणं: मेलेल्या कातडीचं गादीसारखं जाड आवरण तयार होतं, आम्ल त्यातच जिरतं, खाली पोचतच नाही, आणि दोष औषधाला मिळतो. लहान लहान चामखिळींचा एकमेकींना चिकटलेला पट्टा असेल तर तो सगळ्यात चिवट, तिथे १२ आठवडेही कमी पडतात.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. ब्रिटनमध्ये २४० जणांवर एक मोठी चाचणी झाली, २०११ साली तिचे निष्कर्ष छापून आले. घरी रोज ५० टक्के सॅलिसिलिक आम्ल लावणारे एका बाजूला, दवाखान्यात द्रव नायट्रोजनने गोठवून घेणारे दुसऱ्या बाजूला. १२ आठवड्यांनी दोन्ही गटांत सगळ्या चामखिळी गेलेले सुमारे १४ टक्केच निघाले. नेदरलँड्समधल्या २०१० च्या चाचणीत तळव्याच्या चामखिळींवर नायट्रोजन, सॅलिसिलिक आम्ल आणि काहीच न करणं यांत ठोस फरक सापडला नाही. उपलब्ध चाचण्या एकत्र करून पाहिलेल्या २०१२ च्या आढाव्यात सॅलिसिलिक आम्ल नुसत्या दिखाऊ औषधापेक्षा सरस ठरलं, पण हातावर जितकं तितकं पायावर नाही. म्हणजे बाटली पारडं आपल्या बाजूला थोडं झुकवते, इतकंच. मात्र दवाखान्यातल्या गोठवण्याच्या वाऱ्या आणि फोड टाळून तोच निकाल घरी मिळत असेल, तर बाटलीने सुरुवात करणं शहाणपणाचं. मुलांची चामखीळ दुखत नसेल तर नुसतं थांबणंही चालतं. त्यांच्या चामखिळी वर्ष-दोन वर्षांत बहुतेक वेळा आपोआप विरतात.

कॉर्न कॅपकडे वळू. फेल्टचं गोल कडं, मध्ये ४० टक्के सॅलिसिलिक आम्लाची टिकली, बाहेर चिकटपट्टी. ताकद बाटलीपेक्षा जास्त, रोजची कटकट नाही, किंमत किरकोळ. कुरुपावर ती छान चालते, कारण कडं दाब वाटून घेतं आणि टिकली खुंटावर बसते. चामखिळीवर घोटाळा होतो तो मापाचा. टिकलीचं माप ठरलेलं, चामखिळीचं नाही. वर मुंबईचा दमटपणा: मे महिन्यात सकाळी लावलेली कॅप चर्चगेटला पोचेपर्यंत अर्धा सेंटिमीटर सरकलेली असते. दोन दिवसांनी काढली की चामखीळ शाबूत आणि तिच्या शेजारी चांगल्या कातडीचा पांढराफटक, हुळहुळा चट्टा. वापरायचीच तर टिकली सोडवून कात्रीने चामखिळीच्या मापाची कापा, जागेवर ठेवा, वरून कापडी चिकटपट्टी आडवी-उभी लावा आणि ४८ तासांनी काढून घासा. टाचेवर, जिथे कातडी जाड आहे, तिथे हे जमतं. बोटांच्या खाली मऊ जागेत बाटलीच बरी.

डक्ट टेपचा बोलबाला २००२ सालच्या एका लहान अभ्यासापासून झाला. मुलांवरच्या त्या अभ्यासात टेपने ८५ टक्के आणि गोठवून ६० टक्के बरे झाले होते. पुढे नेदरलँड्समध्ये १०३ शाळकरी मुलांवर आणि अमेरिकेत प्रौढांवर पुन्हा करून पाहिलं तर टेपचा ठोस फायदा दिसला नाही. तरी इजा करत नाही, म्हणून लहान मुलांसाठी पर्याय म्हणून ठेवायला हरकत नाही. रीत: चंदेरी, कापडी पाठीची टेप (कुरिअरवाल्याची तपकिरी नव्हे, इलेक्ट्रिशियनची काळीही नव्हे), चामखिळीच्या मापाचा तुकडा, ६ दिवस ठेवायचा, सुटला तर नवा लावायचा. सहाव्या रात्री काढून पाय भिजवून घासायचा, रात्रभर उघडा ठेवायचा आणि सकाळी पुन्हा टेप, असे दोन महिने. पावसाळ्यात टेप दुसऱ्याच दिवशी कडेने उचलते आणि खाली कुबट वास धरते. लावण्याआधी जागा स्पिरिटने पुसली तर थोडी टिकते.

ऑनलाइन मिळणारे गोठवायचे स्प्रे घेऊ नका, असं स्पष्टच सांगतो. त्यातला वायू साधारण उणे ५७ अंशांपर्यंत जातो, त्वचारोगतज्ज्ञाचा द्रव नायट्रोजन उणे १९६ असतो. तळव्याची जाड कातडी भेदून जायला पहिला पुरत नाही, आणि तो पुरेसा पडावा म्हणून जास्त वेळ दाबून धरला की फोड येतो. थुजाचे थेंब आणि गोळ्या आपल्याकडे घरोघर आहेत. कॅनडात १९९२ साली तळव्याच्या चामखिळींवरच थुजासह होमिओपॅथीची तीन औषधं खोट्या गोळ्यांशी तोलली गेली, फरक पडला नाही.

आणि आता स्वयंपाकघर, अंगण आणि आजीचा बटवा. बिब्बा सगळ्यात धोक्याचा. सुई तापवून बिब्ब्यात खुपसायची आणि निघालेलं काळं तेल कुरुपावर, चामखिळीवर टेकवायचं, ही रीत अजून जिवंत आहे. त्या तेलातली द्रव्यं कातडीला नुसती भाजत नाहीत, ॲलर्जी उठवतात: दोन दिवसांनी पाऊल सुजतं, पाण्याने भरलेले फोड येतात, आणि पुढच्या वेळी एका ठिपक्यानेही अंग उठतं. धोबी याच तेलाने कपड्यांवर न जाणारी खूण करायचे आणि त्या खुणेखालची गिऱ्हाईकाची मान खाजायची. मराठीत ‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार उगाच आलेला नाही. काजूच्या टरफलाचं तेल त्याच कुळातलं, कोकणातून बाटली आली तरी पायाला लावू नका. चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावणं म्हणजे दाहक अल्कली लावणं. ती आम्लासारखी वरच्यावर थांबत नाही, खोल जाते, आणि तळव्यावर राहिलेला व्रण चामखिळीपेक्षा जास्त दिवस दुखतो. रुईचा किंवा शेराचा चीक लावताना बोट डोळ्याला लागलं तर बुबुळाला इजा होते, एवढं कारण पुरे. ठेचलेला लसूण पट्टीखाली रात्रभर बांधला तर सकाळी भाजल्यासारखा फोड मिळतो. सफरचंदाचा व्हिनेगर साधारण ५ टक्के ॲसेटिक आम्ल, कापसाचा बोळा रोज बांधून ठेवला तर तोही भाजतो, आणि सॅलिसिलिकसारखा कातडीचा थर सोलत नाही. केळ्याची साल निरुपद्रवी, निरुपयोगीही. घोड्याचा केस बांधणं देठ असलेल्या मशासाठी होतं, तळव्याच्या सपाट चामखिळीला बांधणार कुठे?

काही पायांना यातलं काहीच लावायचं नाही. मधुमेह असलेल्यांनी, तळव्याची संवेदना कमी झालेल्यांनी, पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी बाटली, कॅप आणि पॉलिश पेपर तिन्हींना हात लावू नये. भाजलेलं कळत नाही, जखम भरत नाही, आणि गोष्ट पाऊल वाचवण्यापर्यंत जाते. ॲस्पिरिनची ॲलर्जी, गरोदरपण, दोन वर्षांखालचं मूल: आधी डॉक्टर. चाळिशीनंतर पहिल्यांदाच आलेली, भराभर वाढणारी, आपोआप रक्त येणारी किंवा काळा डाग पसरत जाणारी गाठ असेल तर घासतच बसू नका. तळव्यावर मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोगही होतो आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीत त्याची आवडती जागा तळवाच आहे. केईएम, सायन, नायर, जेजे या सगळ्या सरकारी-पालिका रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे. १२ आठवडे नीट करूनही फरक नसेल तर तिथलाच रस्ता.

पावसाळ्यात आणखी एक पथ्य. घासलेला, सोललेला तळवा म्हणजे उघडी जखम, आणि हिंदमाता किंवा मिलन सबवेत साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे जंतू असू शकतात. मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या रात्री घासू नका, औषध लावू नका, बाहेर पडताना जागेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा. तरी साचलेल्या पाण्यातून चालावं लागलंच तर साबणाने पाय धुऊन ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. सोमवारी रात्री अनवाणी सिद्धिविनायकाला चालत जाणाऱ्यांनी उपचार चालू असेपर्यंत चपलेची सवलत घ्यावी, तळव्यासाठीही आणि मागून येणाऱ्या अनवाणी पायांसाठीही.

गुण: बाटलीला ५ पैकी साडेतीन, कापलेल्या दीडपैकी अर्धा निव्वळ बुचापायी. कॉर्न कॅपला चामखिळीसाठी २, कुरुपासाठी ४. डक्ट टेपला दीड. बिब्ब्याला शून्यही जास्त.

विकत घेताना तीन गोष्टी तिथेच तपासा. बाटली उलटी करून बघा, द्रव सरकला पाहिजे; तळाशी चिकटून बसला असेल तर दुसरी मागा. लेबलावर सॅलिसिलिक आणि लॅक्टिक ही दोन्ही नावं वाचा. पोडोफायलिन लिहिलेली बाटली हातात आली तर परत करा, ती गुप्तांगावरच्या चामखिळींसाठी असते आणि डॉक्टरांच्याच हातून लावायची असते. घरी ठेवताना देव्हाऱ्याच्या फळीवर आणि गॅसच्या वरच्या कपाटात नको. वन-रूम-किचनमध्ये तिसरी जागा शोधणं कठीण असतं, म्हणून कपड्यांच्या कपाटाचा खालचा खण, मुलांचा हात पोचत असेल तर वरचा.